मुलुंड ते बोरिवली, एका कॅसेटच्या मागे

मुलुंडहून बोरिवलीला जायला मोबाईलमधली बाई सव्वा तास सांगते. ट्रॅफिक असला तर दोन. मला सहा दिवस लागले. वाटेत अंधेरी, मानखुर्द आणि घाटकोपर लागलं. तुम्ही म्हणाल, मानखुर्द वाटेत कुठून आलं? बरोबर आहे, नाय येत. माणूस शहाणा असला तर नाय येत.

आमच्या बिल्डिंगमधले लोक फिरायला जातात आणि आले की सगळ्यांना बसवून फोटो दाखवतात. हा बर्फ, ही बर्फात मी, हा बर्फात घोडा. मला पण वाटायचं, आपण पण कुठेतरी जाऊन यावं आणि चार जणांना पकडून सांगावं. तर हा माझा प्रवास. फोटो एकच आहे आणि त्यात माझा अंगठा आलाय.

आधी मी कोण ते सांगतो. चंदू. आठवी नापास. दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा सारखेच मार्क पडले, म्हणजे मेहनतीत फरक नव्हता. मुलुंडला एका बिल्डिंगच्या जिन्याखाली माझं टेबल आहे. तिथे मी मिक्सर, पंखे आणि रिमोट दुरुस्त करतो. घरी माझ्याकडे व्हिडिओ गेमच्या तीनशेच्या वर कॅसेट आहेत. त्या जुन्या, जाड्या, टीव्ही गेमच्या खाचेत खट्‌ करून बसवायच्या. चालली नाय की बाहेर काढून तोंडाने फुंकर मारायची आणि परत लावायची, त्या. गेमचे सेट नऊ आहेत. बायको बोलते, "लोकांच्या कपाटात कपडे असतात. आमच्याकडे कपडे खुर्चीवर आणि कचरा कपाटात."

पण त्या कचऱ्याला आता भाव आलाय. शिकलेसवरलेले, चांगल्या नोकरीतले लोक लहानपणीच्या कॅसेट शोधत फिरतात. स्टिकर फाटलंय का, खोका आहे का, आतला माल असली आहे का, यावर किंमत ठरते. त्या लोकांत मला मान आहे. मला इंग्रजी वाचता येत नाय, पण कॅसेट हातात घेतली की वजनावरून सांगतो. ते मला एक्स्पर्ट बोलतात. आठवी नापास माणसाला कोणी एक्स्पर्ट बोललं की त्याचं काय होतं, ते आता बघा.

अंधेरी, रविवार

आमची बैठक महिन्यातून दोन रविवारी अंधेरीला भरते. एका मेंबरचा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे. आठवडाभर तिथे प्लास्टिकची झाकणं बनतात, रविवारी आम्ही बनतो. दहाबारा माणसं, मधे टेबल, टेबलावर जुना डब्बा टीव्ही. कोणी नवीन कॅसेट आणली की ती फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येते. मी ती उघडतो आणि निकाल देतो.

निकालाचा माझा एकच नियम होता. आत हिरव्या पाटीवर चौकोनी, पायवाल्या चिपा दिसल्या तर असली. चिपेच्या जागी काळा, वाळलेला गोळा दिसला तर नकली. तैवान-चायनातून स्वस्तातला माल यायचा त्यात असाच गोळा असतो, पापडाच्या लाटीएवढा. एवढं एक शिकलो होतो आणि त्याच्यावर सात वर्षं मान खाल्ला.

त्या रविवारी विलास आला. विलास आणि मी मुलुंडच्या एकाच चाळीतले, भिंतीला भिंत. पुढे रस्ता रुंद झाला, त्यात त्यांची खोली गेली आणि त्यांना मानखुर्दला घर मिळालं. तो शाळेची बस चालवतो. वर्षातून दोनदा भेटतो आम्ही, एकदा गणपतीत आणि एकदा कोणी मेलं की. त्याला मी बैठकीचं बोललो होतो कधीतरी, पण ये असं काय बोललो नव्हतो. आणि हा दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, हातात रुमालात गुंडाळलेली कॅसेट.

ती मी लांबून ओळखली. अख्खी चाळ ओळखेल. विलासचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा बोलायचो, बोटीवर स्वयंपाकी होते. एकदा ते तिकडून टीव्ही गेम घेऊन आले आणि सोबत ही एकच कॅसेट. पिवळी, स्टिकरवर चिनी अक्षरं आणि एक कोंबडी. गेम असा होता की एक टोपलीवाला माणूस जिने चढतो आणि वरून कोंबड्या पडतात. त्या झेलायच्या. बस. आमच्याकडे बाकी पोरं विमानं पाडायची, राक्षस मारायची, आणि आम्ही कोंबड्या धरायचो. तिला आम्ही कोंबडीच बोलायचो.

"चंदू," विलास बोलला, "जरा बघ ना रे. हिची काय किंमत होईल?"

सगळे बघायला लागले. मी चष्मा लावला. मला चष्मा लागत नाय, तो फक्त बैठकीपुरता आहे. कॅसेट उघडली, आत बघितलं. काळा गोळा.

मी सगळ्यांकडे फिरवून दाखवली आणि बोललो, "मंडळी, याच्यात गेम नाय, डांबर आहे. विलास, ही महापालिकेला दे. तुझ्या घरासमोरचा खड्डा बुजेल."

काय हसले लोक! एकाच्या नाकातून चहा आला. विलास पण हसला. बोलला, "मग खड्डा लय मोठा आहे, अजून दोनचार लागतील." कॅसेट रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. वडापाव आले तेव्हा बोलला, मला जरा लवकर जायचंय. मी बोललो, "थांब ना रे." पण मी ते दुसऱ्याची कॅसेट बघता बघता बोललो. मान वर केली तेव्हा तो गेला होता.

मंगळवारी मला अमेयचा फोन आला. अमेय आमच्या बैठकीतला कॉम्प्युटरवाला. जगात कुठे कोणती कॅसेट आहे ते त्याला माहीत असतं, फक्त स्वतःच्या बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाय.

"चंदूभाऊ, तुमच्या दोस्ताची ती कोंबडीवाली कॅसेट कुठे आहे?"

"त्याच्याकडेच असेल. का?"

"मी रात्रभर शोधलं. तिकडे एक छोटी कंपनी होती, थोड्याच कॅसेट काढल्या आणि बंद पडली. परदेशातले लोक पंधरा वर्षं शोधतायत. फोटो आहे, पण गेम कोणी बघितलेला नाय. कॉपी नाय जगात."

"पण आत गोळा आहे ना!"

"भाऊ, त्या कंपनीच्या सगळ्यांत गोळाच आहे. गोळा असेल तरच असली."

मी फोन ठेवला. समोर गिऱ्हाईकाचा मिक्सर होता. त्याची मोटर मी उलटी बसवली, असं नंतर त्या बाईंनी येऊन सांगितलं.

मानखुर्द, बुधवार

मानखुर्दला विलासचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्यात एका माणसाने सायकल ठेवलीय, म्हणजे ती किती दिवस बंद असेल ते समजा. चौथ्या मजल्यावर मी बसलो. तिथे एक म्हातारे आधीच बसले होते. ते बोलले, "कितवा?" मी बोललो, "सातवा." त्यांनी सरकून जागा दिली. आमच्या मुलुंडला लिफ्ट चालू आहे, पण तिच्यात कोणी कोणाशी बोलत नाय.

विलास ड्युटीवर होता. दार त्याच्या बायकोने, मंदावहिनीने उघडलं.

"भाऊजी! या या. केवढा घाम आलाय. कोणी गेलं का?"

बघा, आमच्या भेटीगाठीचा हिशेब तिला पण पाठ. मी बोललो, कोणी गेलं नाय, सहज आलो. सहज कोणी सात मजले चढत नाय हे तिला कळलं, पण तिने आधी ताट वाढलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. आमच्याकडे बायको सुकट करत नाय, वरच्या मजल्यावरची माणसं नाक धरतात म्हणून. इथे अख्ख्या मजल्यावर सुकटीचा वास होता आणि कोणाचं नाक धरलेलं नव्हतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. गुन्हेगार माणसाने एवढं खाऊ नये, पण चटणी झकास होती.

मग विचारलं, "वहिनी, विलासची ती कोंबडीची कॅसेट कुठे आहे?"

ती भाकरी थापायची थांबली. "ती? ती दिली ना. तुमच्याकडून आले रविवारी, ते चप्पल न काढता स्टुलावर चढले. आबांची पेटी खाली काढली. तो गेमचा डबा, वायरी, ती कॅसेट, सगळं भंगारवाल्याला दिलं. मी म्हटलं, अहो, आबांची आठवण आहे. तर म्हणाले, आठवण नाय गं, डांबर आहे. आणि हसले."

मी ताटातला कांदा या कडेचा त्या कडेला सरकवला.

"एकटेच हसले, भाऊजी. मला नाय आवडलं ते हसणं. काय झालं होतं तिकडे?"

"मस्करी झाली," मी बोललो.

"कोणाची?"

"माझीच," मी बोललो. खोटं बोललो. तेव्हा मला ते खोटं वाटलं, आता तेवढं वाटत नाय.

तिने भंगारवाल्याचा पत्ता दिला आणि बजावलं, "आणून द्या ती. आणि मी सांगितलं असं बोलू नका."

भंगारवाले चाचा खाडीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. शेडमध्ये जाताना माझी पँट पत्र्याला अडकली आणि मागून वीतभर फाटली. चाचांनी आधी फाटलेलं बघितलं, मग मला.

"क्या चाहिये?"

"गेम की कॅसेट. पीली. मुर्गीवाली."

"मुर्गी आगे मिलेगी, लेफ्ट में."

समजावायला अर्धा तास गेला. मी जमिनीवर कोंबडी काढून दाखवली, ती बघून ते बोलले हे बदक आहे. शेवटी कळलं. जुने रेडिओ, टीव्ही, गेम असलं काय आलं की घाटकोपरचा एक दुकानदार उचलून नेतो. कालच नेलं. पण फुकटात पत्ता देणं चाचांच्या धंद्यात बसत नव्हतं, म्हणून मला एक टेबल फॅन घ्यायला लागला. पातं नसलेला. मागून फाटलेल्या पँटवर तो फॅन धरून मी मुलुंडपर्यंत आलो. बायकोने दार उघडलं, फॅन बघितला, पँट बघितली, आणि काय एक न विचारता दार लावून घेतलं.

घाटकोपर, गुरुवार

घाटकोपरला सकाळी लवकर पोचलो आणि दुकान अकराला उघडणार होतं, म्हणून खाऊगल्लीत शिरलो. तिथे डोश्यावर चीज घालतात, त्यावर चॉकलेट, त्यावर परत चीज. मी बोललो, साधा द्या. तो बोलला, साधा म्हणजे शेजवान? आमच्या घरी डोसा म्हणजे डोसा असतो, इथे डोश्याचं लग्न लावून देतात.

दुकान जिग्नेशभाईंचं. बसायला जागा नाय, रेडिओंची भिंत, मधून त्यांचा चेहरा. माणूस गोड. मला बघून बोलले, "आवो, बेसो." कुठे बेसू? मी एका ग्रामोफोनवर बसलो, तो पण गोड आवाज करून खाली बसला.

"कोंबडीवाली? पिवळी? ती तर गेली ने. काल संध्याकाळीच. बोरिवलीचे एक काका येते, चिनी लिहिलेलं असलं की घेतेच."

"नंबर द्या ना त्यांचा."

जिग्नेशभाईंनी माझ्या कंबरेचं पाकीट बघितलं, त्यात स्क्रू-ड्रायव्हर, पकड, टेस्टर. "तुम्ही रिपेरिंग करते?"

"करतो."

"मग हा रेडिओ जरा बघा ने. नंतर नंबर."

एक रेडिओ झाला. मग दुसरा. मग त्यांच्या घरून मिक्सर आला. मग शेजारच्या दुकानातला पंखा आला, त्याला तर कोणी बोलावलं पण नव्हतं. अडीच वाजले. मी हातात चालू झालेला चौथा नग धरून बोललो, "जिग्नेशभाई, माझ्या मित्राच्या बापाची कॅसेट आहे हो ती." तेव्हा त्यांनी माझ्या हातातला नग काढून घेतला. बोलले, "पहिला नाय बोलायचा? हे पहिला बोलला असता तर मी रिक्षाने सोडला असता." नंबर दिला, वर खांडवी खायला लावली. म्हणजे खरं बोललो असतो तर साडेतीन तास वाचले असते. मी हे तिथे शिकलो आणि तिथेच विसरलो.

बोरिवलीला जायला आधी घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो. स्टेशनावर पिशवी मशीनमधून जाते. माझं हत्याराचं पाकीट गेलं आणि मशीन थांबलं. गार्ड बोलला, "ये क्या है?" मी बोललो, "माझं पोट." त्याला विनोद आवडला नाय. हत्यारं आत न्यायची नाय, असं कळलं. एकतर हत्यारं ठेवा नाय तर मेट्रो सोडा. मी मेट्रो सोडली. ज्या हत्याराने माणूस पोट भरतो ते सोडायचं कसं? बाहेर येऊन काकांना फोन लावला. ते बोलले, आज उशीर झाला, उद्या चार वाजता या, चारच्या आधी मी झोपलेला असतो.

बोरिवली, शुक्रवार

बोरिवलीला माणसं सावकाश चालतात. झाडं आहेत, बाकं आहेत, बाकांवर नाना-नानी आहेत. आमच्या मुलुंडला पण झाडं आहेत, पण त्यांच्याखाली स्कूटर असतात.

काकांचं आडनाव नाडकर्णी. ऑफिसातून रिटायर झालेले, धुतलेला लेंगा-झब्बा, भाषा एकदम पुस्तकातली. "या, चंद्रकांत. चपला आत ठेवा, बाहेर राहत नाहीत." चंद्रकांत! मला माझं पूर्ण नाव ऐकून कोर्टात आल्यासारखं झालं.

आतल्या खोलीत काचेचं कपाट. कॅसेट उभ्या लावलेल्या, प्रत्येक वेगळ्या डबीत, ओल लागू नये म्हणून आत पांढऱ्या पुड्या. मला माझ्या कपाटात कोंबलेल्या कॅसेट आठवल्या आणि मी हात मागे बांधले. काकूंनी पोहे आणले, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड.

"तुम्हाला नाद कसा लागला, काका?" मी विचारलं.

ते काचेकडे बघत बोलले, "माझे दोन मुलगे. दहावीच्या परीक्षेच्या वेळी थोरल्याची कॅसेट मी फरशीवर आपटून फोडली. त्याने तुकडे गोळा केले आणि अभ्यासाला बसला. आता दोघेही परदेशात असतात. रविवारी फोन करतात, तब्येत विचारतात. एकदा मी विचारलं, ती कॅसेट कोणती होती रे? म्हणाला, आठवत नाही बाबा, चिनी काहीतरी लिहिलं होतं." त्यांनी पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली. "घ्या ना, गार होतील."

मग मी सगळं सांगितलं. विलास, आबा, चाळ, भंगार. डांबराचं पण सांगितलं. काका हसले नाय. त्यांनी कोंबडी कपाटातून काढली आणि माझ्या हातात दिली.

"घेऊन जा. तुमच्या मित्राची आहे. मी हिच्यासाठी काही घेणार नाही. पण एक सांगायला हवं, ही चालत नाही."

"फुंकर मारली का?"

"फुंकर मारण्यासारखं नाही ते." त्यांनी कॅसेट उघडली, भिंग दिलं. "हा गोळा पाहा. मध्ये खळगा आहे. कुणीतरी टोकदार वस्तू दाबून फिरवली आहे. गोळ्याच्या खाली केसासारख्या तारा असतात, त्या तुटल्या. आणि हे जुनं नाही. खळग्यात बघा, अजून चकाकतंय. आठवडाही झाला नसेल. कोण गाढव असेल देव जाणे."

"असतात काही," मी बोललो.

इथे मला थांबून एक सांगायला पायजे. अंधेरीचं मी वर लिहिलं, कॅसेट उघडली, आत बघितलं, बोललो. तेवढंच लिहिलं. पूर्ण नाय लिहिलं. डांबर आहे असं बोलताना मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि गोळ्यात खुपसला. रस्त्याचं डांबर उकरतात तसं करून दाखवलं. नुसत्या बोलण्यावर कमी हसले असते. उकरून दाखवल्यावर चहा नाकातून आला. टोक आत गेलं तेव्हा बारीक कट्‌ असा आवाज झालेला. तो मी ऐकला होता. माझं पोट भरतं त्या कामात असला आवाज मी दिवसातून दहादा ऐकतो आणि मला माहीत असतं त्याचा अर्थ काय. पण लोक हसत होते.

तुमच्यापासून लपवलं, कारण मला वाटलं बोरिवलीपर्यंत तरी तुम्ही माझ्यासोबत यावं.

काकांनी कॅसेट त्यांच्या चांगल्या डबीत घातली, दोन पांढऱ्या पुड्या टाकल्या. "त्यांना म्हणावं, कोरडी ठेवा," असं बोलले आणि खाली गेटपर्यंत सोडायला आले.

मुलुंड, शनिवार

हा दिवस प्रवासात धरायचा की नाय माहीत नाय, कारण मी खोलीतून हललो नाय. माझ्याकडचे नऊच्या नऊ सेट काढले आणि कोंबडी एकेकात लावून बघितली. कापसाने पुसली, स्पिरिट लावलं, फुंकरी मारल्या. टीव्ही करडा तो करडा. ओळखीच्या दोन कारागिरांना फोन केले. दोघांनी एकच सांगितलं, गोळ्याच्या आतलं कोणी दुरुस्त करत नाय. अमेयला विचारलं, दुसरीकडून गेम आणून याच्यात भरता येईल का? तो बोलला, "भाऊ, तेच तर सांगतोय, दुसरीकडे नाय. ही मिळाली की पहिली कॉपी आपण काढायची. मिळाली का?"

मी बोललो, शोधतोय.

बायको बाजूला येऊन बसली. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवशी कचरा हा शब्द काढला नाय.

मानखुर्द, रविवार

विलास घरी होता. दारातच ओरडला, "अरे मेल्या, सात मजले? कोण वारलं?"

मी डबी त्याच्या हातात दिली. त्याने उघडली. मंदावहिनी स्वयंपाकघरातून बघत होती, तिने पदर तोंडाला लावला. विलासने कोंबडीच्या स्टिकरवरून अंगठा फिरवला.

"डांबर परत आलं?" तो बोलला, पण हसला नाय.

मग मी त्याला सांगितलं की मी चुकलो. ही असली आहे, लोक जगभर शोधतायत, गोळ्याचं मला कळलं नाय, मी सगळ्यांसमोर तुझी मस्करी केली, मला माफ कर. एवढं सरळ मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्याने ऐकून घेतलं.

"किंमत बिंमत सोड रे," तो बोलला. "मला काय विकायची होती?"

"मग विचारलंस का?"

"तू दर महिन्याला तिकडे जातोस. तुझे ते लोक, टीव्ही, वडापाव. मला पण यायचं होतं. रिकाम्या हाताने कसा येणार? म्हटलं, कोंबडी घेऊन जाऊ. किंमत विचारायची असते ना तिकडे, म्हणून विचारली."

मी खिडकीकडे बघितलं. समोर दुसरी बिल्डिंग होती, तिच्या खिडकीतून एक बाई माझ्याकडे बघत होती.

मंदावहिनीने चहा आणला. विलास कॅसेट मांडीवर ठेवून बोलायला लागला. "आबा बोटीवरून सुट्टीला यायचे ना, दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं लावून बसायचो. ते अकराव्या जिन्याला मरायचे. कायम अकरावा. बोलायचे, विलास, बारावा तू बघ. मी पण कधी गेलो नाय रे बाराव्यावर. मग ते गेले आणि मी ती पेटीत टाकली. परवा भंगारात दिली आणि तेच डोक्यात येत होतं, च्यायला, बारावा राहिला." त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आता बघू. माझा सेट तर गेला भंगारात. तू एक जुना सेट बघ माझ्यासाठी. तुझ्याकडे येतात ना दुरुस्तीला." घरी नऊ सेट आहेत हे मी त्याला काय, बैठकीत पण कोणाला बोललो नव्हतो.

हीच वेळ होती. वहिनी होती, तो होता, दार लावलेलं होतं, कोणी हसणारं नव्हतं. घाटकोपरला शिकलो होतो की खरं आधी बोलावं. तोंड उघडलं पण होतं.

"बघतो," मी बोललो. "मिळेल."

याला आता चार महिने झाले. विलास बैठकीला येतो. इस्त्रीचा शर्ट, डबी हातात. लोक त्याला जागा देतात, चहा आधी त्याला. अमेय दर वेळी हात जोडतो, "विलासभाऊ, एकदा लावू द्या ना, कॉपी काढू." आणि विलास डबीवर हात ठेवून बोलतो, "नाय हां. पहिली माझ्या घरी लागणार. चंदू सेट आणतोय." सगळे माझ्याकडे बघतात. मी चष्मा पुसतो.

काल टेबलावर बसलो होतो, त्याचा फोन आला. मागे शाळेच्या पोरांचा गोंगाट.

"काय रे, मिळाला का सेट?"

"शोधतोय रे. जुना माल आहे, चांगला मिळत नाय."

"सावकाश शोध," तो बोलला. "तू शोधतोयस ना, मग मला घाई नाय."